छातीचा स्नायू जन्मतःच नसला तर कुस्ती खेळता येते का?

सांगलीच्या तालमीत जाणाऱ्या तुमच्या मुलाच्या छातीची उजवी बाजू लहानपणापासून सपाट असेल, तर छातीचा मोठा स्नायू, विशेषतः त्याचा उरोस्थीकडील (छातीच्या मधल्या हाडाकडील) भाग, जन्मतःच नसण्याची शक्यता आधी तपासावी. नसलेला स्नायू कितीही जोर मारले तरी वाढत नाही. इंग्लिश शल्यचिकित्सक आल्फ्रेड पोलंड यांनी १८४१ मध्ये वर्णिलेल्या या स्थितीत त्याच बाजूची बोटे आखूड किंवा जुळलेली असू शकतात, म्हणून डॉक्टरांना हातही दाखवावा. खांद्याचे इतर स्नायू भार उचलत असल्यामुळे बहुतेकांचे दैनंदिन काम अडत नाही. मात्र फासळ्याही अपुऱ्या असतील, तर आखाड्यात उतरण्यापूर्वी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्यावे.