माऊसच्या ओव्हिडक्टमधलं (अंडवाहिनीतलं) ओव्हीजीपी-१ हे प्रथिन प्रोइस्ट्रसमध्ये (चक्रातल्या अंडं सुटण्याआधीच्या अवस्थेत) वाढायला हवं ना? मग वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत) दर वेळी वेगळंच का दिसतं?

इस्ट्रोजेनने ते वाढतं, ही तुमची अपेक्षा बरोबर आहे. घोळ मोजणीत आहे. ओव्हिडक्ट धुऊन आलेल्या द्रवातलं एकूण प्रथिन सारखं करून तुम्ही जेलच्या लेनमध्ये (रांगेत) भरताय. पण त्यातलं बरंचसं प्रथिन नळीने बनवलेलंच नसतं. अल्ब्युमिन वगैरे रक्तातून झिरपून येतं. कापताना थोडं रक्त आलं की भागणारा आकडाच बदलतो आणि खरं वाढलेलं ओव्हीजीपी-१ कमी भासतं.

त्यापेक्षा हिशेब दर ओव्हिडक्टमागे ठेवा. इन्फंडिब्युलममधून (नळीच्या अंडाशयाकडच्या तोंडातून) ३२ गेजची बोथट सुई घालून ५० मायक्रोलिटर थंड पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) धुवा. त्यात प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिन तुटू न देणारं रसायन) हवाच. मग ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करून सगळीकडे सारखं आकारमान भरा. लालसर झाक असलेला नमुना सरळ टाकून द्या. ओव्हीजीपी-१ ला साखरेच्या साखळ्या भरपूर चिकटलेल्या असतात, त्यामुळे त्याचा बँड (जेलवरचा पट्टा) अनुक्रमावरून काढलेल्या वजनाच्या बराच वर आणि पसरट येतो. तो डाग म्हणजे खराब जेल नव्हे.

नळीनेच बनवलं हे दाखवायचं असेल तर नळीचे तुकडे ३५एस-मेथिओनिन (किरणोत्सारी खूण असलेलं अमिनो आम्ल) घालून कल्चर करा आणि माध्यमात उतरलेलं प्रथिन पाहा. माध्यम फिनॉल रेड या रंगद्रव्याशिवायचं घ्या (ते स्वतःच किंचित इस्ट्रोजेनसारखं वागतं), सीरम घातलंच तर कोळशाने गाळलेलं.

अवस्था ठरवण्यातही माणसं घाई करतात. योनीतल्या पेशींचा स्मिअर रोज त्याच वेळी, निदान सलग दोन चक्रं घ्या. प्रोइस्ट्रसमध्ये केंद्रक असलेल्या पेशींचे पुंजके, इस्ट्रसमध्ये केंद्रक नसलेल्या कोरड्या पापुद्र्यांसारख्या पेशी, डायइस्ट्रसमध्ये बहुतेक पांढऱ्या पेशी. स्मिअर घेताना काडी जोरात फिरवली तर खोटी गर्भावस्था येते आणि पुढचे दहा-बारा दिवस नुसत्या पांढऱ्या पेशीच दिसत राहतात. नुसत्या माद्यांच्या पिंजऱ्यात चक्र रेंगाळतं. नराच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा टाकला की बऱ्याच माद्या तिसऱ्या दिवसाच्या आसपास इस्ट्रसमध्ये येतात. प्रोइस्ट्रसच्या सकाळचा आणि रात्रीचा नमुना एकाच गटात घालू नका: मधे एलएचची (अंडं सोडायला लावणाऱ्या हार्मोनची) लाट येऊन जाते, शिवाय इस्ट्रोजेन चढणं, एमआरएनए बनणं आणि प्रथिन नळीत उतरणं यांत तासांचं अंतर असतं.

कारण सिद्ध करायला अंडाशय काढून १० ते १४ दिवस थांबा, मग तिळाच्या तेलात १०० नॅनोग्रॅम इस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन) कातडीखाली द्या. शेजारी नुसत्या तेलाचा गट, इस्ट्राडायॉलबरोबर १ मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनचा गट आणि फुलव्हेस्ट्रंटचा (इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणाऱ्या औषधाचा) गट ठेवा. अंडाशय काढल्यावर स्रावी पेशी आक्रसतात, त्यामुळे एका डोसने काही दिसलं नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. तीन-चार दिवस रोज देऊन पाहा. पीएमएसजी-एचसीजी (जास्त अंडी तयार करून सोडायला लावणारी हार्मोन्स) दिलेल्या माद्या नैसर्गिक चक्राचा पर्याय नव्हेत, त्यांच्यात हार्मोन्स नेहमीपेक्षा खूप वर जातात.

आणि नमुने रॅटचे असतील तर ओव्हीजीपी-१ शोधूच नका. रॅटमध्ये ते जनुक निकामी झालेलं आहे. तिथे बँड आला तर अँटिबॉडीवर शंका घ्या.