बर्म्युडा नको, मग काय?

प्रश्न : माझं वय ४७. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि पुढच्या महिन्यापासून मी शिकायला जाणार आहे. तलावाच्या नियमांत ‘सुती बर्म्युडा चालणार नाही’ असं स्पष्ट लिहिलंय. दुकानात गेलो तर ब्रीफ, ट्रंक, जॅमर ही नावं ऐकून तसाच परत आलो. खरं सांगायचं तर पोट सुटलंय, तंग कपड्यात चारचौघांसमोर उभं राहायची लाज वाटते. नेमकं काय घ्यावं? आतून अंडरवेअर घालायची का?

उत्तर : लाजेपासूनच सुरुवात करतो, कारण मोठ्या वयात शिकायला येणाऱ्या पुरुषांचं पाऊल पाण्यापेक्षा याच विचाराने जास्त अडतं. हे मी शिकवताना सतत पाहतो. तुमचा संकोच दाबून टाकायची काही गरज नाही, त्याला साजेसा कपडा मिळतो. जॅमर घ्या. कमरेपासून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत येणारी, अंगासरशी बसणारी ही चड्डी. मांड्या झाकल्या जातात आणि दोन्ही मांड्या एकमेकींवर घासून काचतही नाहीत. पोटाचं म्हणाल, तर उंच कमरेची घ्या. पट्टा पोटाखाली रुतण्याऐवजी नाभीच्या आसपास टेकला की चड्डी घसरत नाही आणि तुमचं लक्षही सारखं तिकडे जात नाही. तरीही उघड्या अंगाने वावरणं नको वाटलं, तर वरून पोहण्याचा घट्ट टी-शर्ट घालता येतो. तुमच्या तलावावर तो चालतो का, एवढं आधी विचारा.

आता बर्म्युडा का नको. काठाला पाय लावून स्वतःला ढकलायचं आणि हात ताणून तरंगत पुढे जायचं, हा अगदी सुरुवातीचा धडा. बर्म्युडा घातलेला माणूस निघतो. हातभर जातो न जातो तोच खिशांत पाणी भरतं, कापड मांड्यांभोवती फुगतं, कंबर खाली बसते, पाठोपाठ पाय बुडतात. तो उभा राहतो आणि म्हणतो, ‘सर, माझं शरीरच जड आहे, मला नाही जमणार.’ मला याचं फार वाईट वाटतं. तोच माणूस नीट बसणारी चड्डी घालून आला की तेवढ्याच धक्क्यात लांबवर तरंगत जातो आणि त्याचा चेहरा उजळतो. शिवाय सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात. नियम आहे तो यासाठी.

बाकीच्या नावांचं थोडक्यात सांगतो. ट्रंक मांडीच्या वरच्या भागापर्यंतच येते. ब्रीफमध्ये पाय सगळ्यात मोकळे राहतात. पुढे सराव वाढला की यातलं काहीही आवडू शकेल.

नावापेक्षा लेबल वाचणं महत्त्वाचं. नायलॉन आणि लायक्राचं कापड हाताला मऊ लागतं, छान ताणलं जातं, पण क्लोरीन लायक्रा खातं. रोज पोहणाऱ्याची अशी चड्डी काही महिन्यांतच सैल पडते. लेबलवर पॉलिएस्टर आणि पीबीटी (पॉलिएस्टरचाच थोडा ताणणारा प्रकार) असं मिश्रण दिसलं तर तीच उचला. ती कमी ताणली जाते, पण क्लोरीनला कितीतरी जास्त टिकते. रंग गडद असू द्या. फिके रंग ओले झाले की पारदर्शक दिसू शकतात.

माप घेताना लक्षात ठेवा, ओलं झालं की कापड थोडं सैलावतं. म्हणून कोरडी असताना ती घट्टच वाटली पाहिजे, मात्र श्वास अडकायला नको. घालून एकदा उकिडवे बसा, एकेक गुडघा छातीशी आणा. मागून कंबर खाली सरकली तर माप चुकलं. जांघेत शिवण टोचली तर ती चड्डी ठेवून द्या, पाण्यात ती आणखी काचेल. नाडी हवीच, आणि ती आतल्या बाजूला बांधायची. नुसत्या इलॅस्टिकवर मी कुणालाही सूर मारू देत नाही.

अंडरवेअर अजिबात नको. ती आत पाणी धरते, चुण्या पडतात आणि त्याच चुण्या कातडी सोलतात. समोरून दुहेरी अस्तर असलेली चड्डी घेतलीत की अवघडल्यासारखं होत नाही.

पोहून आल्यावर साध्या गार पाण्यात खळबळून घ्या, हलक्या हाताने दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळत घाला. पिळू नका, वॉशिंग मशिनमध्ये टाकू नका, ओल्या टॉवेलात गुंडाळून दिवसभर पिशवीत तर मुळीच ठेवू नका. अधूनमधून बैठकीचा भाग ताणून उजेडासमोर धरा. आरपार दिसायला लागलं की नवी घ्या.

आणि एक, गुडघ्यांचं कोचना पहिल्याच दिवशी सांगा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, म्हणजे बेडकासारखं पोहताना, पायांच्या किकमध्ये गुडघ्यावर आडवा ताण येतो. तुम्ही फ्रीस्टाइल आणि पाठीवरचं पोहणं आधी शिकलेलं बरं.

प्रश्न : माझा १५ वर्षांचा मुलगा नुकताच पोहायला लागलाय. मोठे जलतरणपटू घालतात तसा महागडा रेसिंग सूट हवा म्हणून हटून बसलाय. घ्यावा का?

उत्तर : आता नको. त्याचा हट्ट मला समजतो, कारण सुटामुळे वेग वाढतो हे खोटं नाही. २००८ मध्ये पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे पट्टे असलेले सूट आले आणि २००९ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ विश्वविक्रम झाले. अखेर १ जानेवारी २०१० पासून स्पर्धांमध्ये असे सूट बंद झाले. तेव्हापासून पुरुषांचा सूट विणलेल्या कापडाचाच हवा आणि नाभीच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली जायला नको. आजचे रेसिंग सूटही इतके घट्ट असतात की चढवायलाच बराच वेळ जातो, आणि थोड्याच वापरात त्यांची पकड सैल होते. रोजच्या सरावात घातला तर स्पर्धेपर्यंत काही उरणार नाही. त्याला टिकाऊ कापडाचे दोन जॅमर घेऊन द्या, आलटून पालटून वापरू दे. स्पर्धेसाठी निवड झाली की कोचना विचारून, स्पर्धेचे नियम वाचून, मग रेसिंग सूट घ्या.