बँकेची तयार क्लायंट लायब्ररी वापरावी की एपीआयला स्वतः कोड लिहून जोडावं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: दूध संस्थेचं दर दहा दिवसांचं बिल ॲपमधून थेट उत्पादकांच्या खात्यात टाकायचंय. बँकेने एपीआयसोबत (ॲपने बँकेच्या सर्व्हरशी बोलायची ठरलेली पद्धत) पायथनची तयार लायब्ररी (ते बोलणं करणारा आयता कोड) दिलीय, आणि तुमचा डेव्हलपर म्हणतोय, "नको, आपण आपलं लिहू."

लायब्ररी घ्या. फक्त पैसे पुन्हा पाठवायचे की नाही, हे तिला ठरवू देऊ नका.

मीही पहिल्या वेळी तुमच्या डेव्हलपरसारखाच होतो. बँकेचं पीडीएफ उघडून बसलो. दर रिक्वेस्टला नवी एईएस की (मजकूर कुलूपबंद करायची गुप्त किल्ली) बनवायची, ती बँकेच्या पब्लिक कीने बंद करायची, सगळं बेस६४ (साध्या अक्षरांत) करायचं, वर आपली डिजिटल सही. पीडीएफमध्ये पॅडिंग (कुलूप लावण्याआधी मजकुरात भर घालायची पद्धत) एक लिहिलेलं, सर्व्हरला हवं होतं दुसरंच. चार दिवस 'डिक्रिप्शन फेल्ड' यापलीकडे एक अक्षर उत्तर नाही. शेवटी लायब्ररी लावली आणि अर्ध्या तासात पहिला रुपया गेला.

मग दुसऱ्याच बिलाला बारा जणांच्या खात्यात पैसे दोनदा पडले.

झालं असं. दुपारी बँकेचा सर्व्हर मंदावला होता. तीस सेकंदांत उत्तर आलं नाही म्हणून लायब्ररीने आपल्या मनाने पुन्हा रिक्वेस्ट पाठवली, आणि व्यवहाराचा रेफरन्स नंबरही दर खेपेला तीच नवा काढत होती. बँकेच्या लेखी ते दोन वेगळे व्यवहार. दोन्ही झाले. आयएमपीएसने (लगेच पैसे पोचवणाऱ्या सोयीने) जमा झालेली रक्कम समोरच्याने दिल्याशिवाय परत येत नाही. अकरा जणांची पुढच्या बिलातून वळती केली. बाराव्याने मधल्या काळात म्हैस विकून दूध घालणंच बंद केलं होतं. सचिवांनी त्याच्या घरी किती चकरा मारल्या, ते विचारू नका.

त्या दिवसापासून रेफरन्स नंबर आम्हीच बनवतो: बिल क्रमांक, उत्पादकाचा कोड, कितवा प्रयत्न. लायब्ररीला हाक मारण्याआधी तो 'पाठवतोय' अशा स्थितीसह डेटाबेसमध्ये लिहून मोकळं व्हायचं. लायब्ररीतलं रीट्राय (आपोआप पुन्हा पाठवणं) शून्यावर. आणि टाइमआउट (ठरल्या वेळेत उत्तर न येणं) म्हणजे 'फेल' नव्हे, टाइमआउट म्हणजे 'माहीत नाही'. ही तिसरी स्थिती तुमच्या टेबलात नसेल तर आजच घाला. अशा व्यवहाराची त्याच नंबराने स्टेटस एपीआयवर चौकशी करायची. लगेच 'असा व्यवहार नाही' असं आलं तरी हुरळून जाऊ नका, रिक्वेस्ट कधीकधी आत रांगेत असते. थांबून पुन्हा विचारा. आयएमपीएसमध्ये खात्यातून कापले पण पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. म्हणजे घाई करून पुन्हा पाठवण्यात काहीच कमाई नाही.

खरं तर दुधाच्या बिलाला मी एनईएफटीच सुचवेन. डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला एक बॅच. दहा दिवस थांबलेल्याला अर्धा-एक तास जड नाही. मात्र एपीआयने 'स्वीकारलं' म्हटलं म्हणजे जमा झालं असं नाही. खातं चुकीचं असेल तर पैसे नंतर परत येतात, आणि ती परतीची नोंद वाचणारा कोड बहुतेक जण लिहीतच नाहीत.

आता तुमच्या यादीबद्दल. ती एक्सेलमध्ये असणार, हे न विचारता सांगतो. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच जपतं, सोळावा शून्य करून टाकतं. सोळा आकडी खाते क्रमांक तिथे गपचूप बिघडतो, सुरुवातीची शून्यं तर जातातच. तो रकाना टेक्स्ट हवा, आणि हे नंबर टाकण्याआधी करायचं, नंतर करून गेलेला आकडा परत येत नाही. आयएफएससीत पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, लोक तिथे इंग्रजी 'ओ' मारतात. शिवाय जुन्या पासबुकांवर देना किंवा सिंडिकेट बँकेचे कोड सापडतील. दोन्ही बँका विलीन झाल्या आणि ते कोड २०२१ मध्येच बंद झाले. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. फ्लोटमध्ये (दशांश आकड्यात) ठेवलेला हिशेब कधीतरी एका पैशाने चुकतो आणि मग ऑडिटर तुमच्यासमोर बसतो.

बँकेच्या चाचणी सर्व्हरवर सगळं झकास चालेल, कारण तो कधी अडखळत नाही. म्हणून स्वतःचा एक खोटा सर्व्हर लिहा: पैसे 'पाठवून' चाळीस सेकंद गप्प बसणारा. वीस ओळींचं काम आहे. त्याच्यासमोर तुमचं ॲप दोनदा पैसे पाठवत नाही, हे दिसल्याशिवाय खऱ्या खात्याला हात लावू नका.

सर्टिफिकेट संपायची तारीख आणि बँकेकडे नोंदवलेला आयपी (आपल्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता), या दोन गोष्टी संस्थेतल्या कुणाच्या तरी कॅलेंडरमध्ये असू द्या, फक्त डेव्हलपरच्या डोक्यात नकोत.

आणि बँकेला आजच मेल करा, फोन नको: "एकच रेफरन्स नंबर दोनदा आला तर तुम्ही दुसरा व्यवहार नाकारता का, आणि किती दिवसांपर्यंत?" काय उत्तर येतं ते इथे टाका, त्यावरून पुढचं सांगतो.