मिज-अळीचा फ्लाय: रंगाआधी खोली बघा

ट्राउट मासा पकडायला कोणत्या रंगाचा फ्लाय (गळावर दोरा गुंडाळून केलेलं किड्यासारखं नकली आमिष) घेऊ, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. मिज म्हणजे चिलटासारखा बारीक किडा; त्याच्या अळ्या तळाच्या गाळात आणि शेवाळात राहतात. फ्लाय तळाजवळून जात नसेल तर रंग कितीही अचूक असून उपयोग नाही. इंडिकेटर (दोरावर तरंगणारी खूण) फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर लावा आणि फ्लायच्या वीतभर वर शिशाचा छोटा मणी दाबून बसवा. अधूनमधून तळाला घासल्यासारखं जाणवलं, की खोली जमली. एकदाही घासलं नाही तर आधी वजन वाढवा, फ्लाय नंतर बदला.

गळ 18 ते 22 नंबरचा, टिपेट (फ्लाय बांधायचा दोराचा शेवटचा बारीक भाग) 6 एक्स जाडीचा. दोऱ्याचं सडपातळ अंग आणि त्यावर बारीक तारेचे वेढे, एवढीच बांधणी. लाल, काळा, ऑलिव्ह हे रंग पुरेत. गाळातल्या काही अळ्यांमध्ये हिमोग्लोबिन असतं, त्या खरोखरच लालभडक दिसतात.

खरी कसोटी मासा लागतो तेव्हा. थंड पाण्यात ट्राउट एवढ्याशा घासासाठी धावत नाही, समोर आला तर जागच्या जागी टिपतो. त्यामुळे इंडिकेटर बुडायची वाट पाहू नका. तो क्षणभर अडखळला, तरी काठी उचला. मात्र हिसका नको, मनगटाने अलगद, नाहीतर टिपेट तुटलाच म्हणून समजा. काठी आणि इंडिकेटर यांच्या मधला दोर प्रवाहाने ताणला गेला, तर लगेच उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका. ओढत जाणाऱ्या फ्लायकडे ट्राउट सहसा ढुंकूनही बघत नाही.