तेराव्यानंतर कोण येतं?

प्रश्न : मैत्रिणीचे यजमान महिन्यापूर्वी अचानक गेले. समाचाराला जाऊन आले, पण बोलायला काही सुचलंच नाही. आता फोन करायचाही संकोच वाटतो.

उत्तर : सुचलं नाही ते बरंच झालं. 'देवाची इच्छा', 'मुलांकडे बघून सावर' हे तिला एव्हाना वीस जणांनी ऐकवलं असेल. तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते आणि नंतर कुणी फिरकत नाही. तुम्ही आता जा. 'काही लागलं तर सांग' असं मात्र म्हणू नका, कुणीही सांगत नाही. त्याऐवजी 'मंगळवारी बँकेत मी येते तुझ्याबरोबर' असं म्हणा. मृत्यूचा दाखला, विम्याचा दावा, फॅमिली पेन्शन, गॅसचं नाव बदलणं, गावी जमीन असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद... प्रत्येक खिडकीवर तिला 'मिस्टर वारले' हे पुन्हा नव्याने सांगावं लागतं. शेजारी कुणी फाइल धरून उभं असलं तर निदान झेरॉक्ससाठीची धावपळ वाचते. आणि त्यांचं नाव घ्यायला बिचकू नका. तिला रडू आलं, तर ते तुमच्यामुळे आलेलं नसतं.

प्रश्न : आजोबा गेले तेव्हा सहा वर्षांच्या नातवाला 'ते झोपलेत' असं सांगितलं. आता तो रात्री झोपायलाच घाबरतो.

उत्तर : घाबरणारच! त्याला सरळ सांगा : आजोबांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, झोपलेला माणूस मात्र सकाळी उठतो. हेच तो दहा वेळा विचारेल, दहाही वेळा तेच सांगा. आपण त्रास दिला म्हणून आजोबा गेले, असंही या वयात मनात घर करून बसतं. त्याने विचारलं नाही तरी तसं काही नाही हे सांगून टाका.

प्रश्न : आईला जाऊन चौदा महिने झाले. घरचे म्हणतात, वर्षश्राद्ध झालं, आता पुरे. तिने केलेली चकलीची भाजणी अजून डब्यात आहे, टाकवत नाही. हा आजार आहे का?

उत्तर : भाजणी एव्हाना खवट झाली असेल. मावशीकडून प्रमाण लिहून घ्या, मग टाकायची की नाही ते ठरवा. डबा जपणं हा आजार नव्हे. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेल्या, नकारापासून स्वीकारापर्यंतच्या दुःखाच्या पाच पायऱ्या लोक हमखास ऐकवतात, पण त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. त्यांवरून तुमचं वेळापत्रक ठरवू नका. मात्र वर्ष उलटूनही जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ असेल, कामात लक्ष लागत नसेल, माणसं नकोशी झाली असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लांबलेल्या शोकावर उपचार आहेत. आणि 'आपणही जावं' असा विचार येत असेल तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. घरात कुणाला तरी आजच सांगा आणि 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.