वेस्ना, वसंत आणि बहार

प्रश्न असा: रशियन ‘वेस्ना’ (वसंत) हा शब्द संस्कृत ‘वसंत’वरून गेला ना, आणि आद्य-स्लाव्हिक भाषेत (रशियनसारख्या स्लाव्हिक भाषांच्या मूळ भाषेत) त्याची विभक्तिरूपे कशी होती?

गेलेला नाही. ‘संस्कृतातून गेला’ हे पालुपद आता पुरे. उसना असता तर स्लाव्हिकमध्ये त्यातल्या ‘अ’चा ओ झाला असता, ‘-अंत’मधला न नासिक्य स्वरात विरला असता आणि रशियनमध्ये त्या स्वराचा उ झाला असता. म्हणजे आज ‘वोसुत’सारखे काहीतरी ऐकू आले असते. ‘वेस्ना’त मूळचा ए टिकून आहे, संस्कृतात तो ‘अ’त मिसळून गेला.

खरी गंमत ‘न’मध्ये आहे. मूळ भारोपीय (संस्कृत, लॅटिन, स्लाव्हिक वगैरेंच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या) नामाला दोन अंगे, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीची दोन रूपे होती, एक ‘र्’ची आणि एक ‘न्’ची. संस्कृतात अशी नामे आजही दिसतात: अहर् पण अह्ना, ऊधर् पण ऊध्नः, यकृत् पण यक्नः. स्लाव्हिकने ‘न्’चे अंग उचलले, ‘वेस्ना’. लिथुआनियनने ‘र्’चे, ‘वासरा’ (तिथे अर्थ उन्हाळा). लॅटिन ‘वेर’ही ‘र्’चाच. आणि इराणीत ‘स’चा ह होऊन जुन्या फारसीत ‘वाहर’. इराणमधल्या बेहिस्तूनच्या शिलालेखातल्या ‘थूरवाहर’ या महिन्याच्या नावात तो सापडतो. पुढे आरंभीच्या ‘व’चा ब होऊन ‘बहार’. आपले डाळिंबवाले मृगबहार, हस्तबहार, आंबेबहार म्हणतात तो हाच शब्द. तिथे वसंत उरला नाही, नुसता फुलोरा उरला. मृगबहार तर पावसाच्या तोंडावर धरतात. वसंत आणि बहार ही सख्खी भावंडे आहेत!

उणादिसूत्रे (शब्दांची व्युत्पत्ती सांगणारी संस्कृत व्याकरणसूत्रे) वसंत ‘वस्’ धातूवरून साधतात, आणि टीकाकार तो ‘राहणे’ या अर्थाचा घेतात. मला हे साफ अमान्य. ‘बहार’मधल्या ‘र’चा हिशेब त्यात कुठेच लागत नाही. माझ्या मते वसंताची ‘-अंत’ ही शेपटी हेमंताकडून आली. वैदिक भाषेत ‘हेमन्’ म्हणजे ‘हिवाळ्यात’. त्याला ‘त’ लागून हेमंत झाला आणि त्याच साच्यात जोडीचा ऋतू बसवला गेला.

आता आद्य-स्लाव्हिकमधली रूपे. ती सोपी आहेत. स्त्रीलिंगी आकारान्त: वेस्ना, द्वितीया वेस्नों (शेवटी नासिक्य ओ), षष्ठी वेस्नी, सप्तमी वेस्ने. ‘वसंतात’ म्हणायला रशियन सप्तमी नव्हे, तृतीया वापरतात: वेस्नोय.