आजीचं ‘सोंग’ आणि नातीचा ‘कॉस्प्ले’

प्रश्न असा आला आहे : ‘माझी १६ वर्षांची मुलगी जपानी ॲनिमेतल्या, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकेतल्या, तांजिरो या पात्राचा पोशाख स्वतः शिवायला बसली आहे. तो घालून ती मुंबईच्या कॉमिक कॉनला, कॉमिक्स-ॲनिमेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, जाणार. सासूबाई म्हणाल्या, “हे कसलं सोंग घेणार आहेस गं?” आणि पोरगी रुसली. सोंग हा शब्द खरंच हिणवणारा आहे का? आवडत्या पात्राचा वेश करून त्याच्यासारखं वावरायच्या या छंदाला, कॉस्प्लेला, मराठीत काय म्हणावं? शिवायची ही तिची पहिलीच वेळ, आणि सगळे शब्द ती इंग्रजी व्हिडिओंतून उचलते. शिवणकामातले मराठी शब्द सांगितलेत, तर निदान आजीला काही विचारता येईल.’

सासूबाईंनी वापरलेला शब्द नेमका आहे, असं मला वाटतं. टोचलं असेल ते ‘कसलं’मुळे. ‘हे कसलं गाणं म्हणतेस?’ असं विचारलं तरी गाणारीला लागतंच, म्हणून काही गाणं हा शब्द वाईट ठरत नाही.

सोंगाचं नातं संस्कृत ‘स्वाङ्ग’शी जोडतात, हिंदीतला ‘स्वांग’ त्याचाच भाऊ. दुसऱ्याचं रूप आपल्या अंगावर आणायचं, ते सोंग. त्यात कपडे आले, रंग आला, मुखवटा आला, आणि त्या पात्राची चाल-बोलीही आली. मोखाडा-जव्हारकडे आणि नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागात बोहाडा होतो, तिथे हा शब्द अजून पुऱ्या मानाने नांदतो. गणपती-सरस्वतीपासून सुरुवात होते, मग एकामागून एक देव-दानव येतात आणि शेवटी देवी नि महिषासुर. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर ‘सोंगं नाचवतात’. कुठलं सोंग कुठल्या घराण्याने नाचवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. तिथे एखाद्याला ‘तुझं सोंग कधी?’ विचारणं म्हणजे त्याचा मान विचारणं. कोकणात शिमग्याला सोंगं निघतात, तेव्हाही त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मग हा शब्द घरात आल्यावर का बिघडला? खरं तर तो एकटा बिघडलेला नाही. मराठीने खेळ-तमाशाचे कितीतरी शब्द उचलून खोटेपणाच्या कामाला लावले आहेत. ‘नाटक करू नकोस.’ ‘रस्त्यात तमाशा नको.’ ‘बतावणी’ हा तमाशातला हजरजबाबी संवादांचा भाग, पण आज तो शब्द भेटतो तो ‘पोलीस असल्याची बतावणी करून दागिने लांबवले’ अशा बातमीत. तरीही ‘ती नाटकात काम करते’ म्हटल्यावर कुणी रुसत नाही, कारण तिथे क्रियापद वेगळं आहे.

सोंगाचंही तसंच आहे. ‘सोंगं करते’ ही शुद्ध तक्रार. ‘झोपेचं सोंग घेतलंय’ ही लबाडी. ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही’ ही म्हण तर घरोघरी ऐकू येते. पण ‘सोंग वठवणं’ आणि ‘सोंग संपादणं’ ही कलावंताची क्रियापदं आहेत. यातलं ‘संपादणं’ मला फार प्रिय. आता ते विश्वास संपादण्यापुरतं उरलं आहे, पण जुन्या मराठीत ‘संपादणी’ म्हणजे भूमिका पार पाडणं. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात बहुरूप्यांच्या राजा-राणीचा दृष्टान्त येतो : त्यांच्या मनात स्त्री-पुरुष असा भाव नसतो, पण लोकांपुढे संपादणी मात्र अगदी तशीच करतात. कॉस्प्लेमधल्या ‘प्ले’ला याहून चांगला मराठी शब्द मला सापडलेला नाही. तुमची मुलगी तांजिरोसारखी उभी राहून फोटो काढून घेईल ना, ती संपादणी.

या दृष्टान्तामुळे कुणी ‘बहुरूपी’ सुचवेल. मी तो घेणार नाही. बहुरूपी किंवा रायरंद म्हणजे गावोगाव फिरून, पोलिसाचं सोंग घेऊन दारात वॉरंट बजावत पोट भरणारी माणसं. ते एका समाजाचं नाव आणि त्याची रोजीरोटी आहे. सुट्टीतल्या छंदासाठी ते वापरणं मला बरं वाटत नाही. ‘वेषांतर’ तर साफ चुकीचं. वेषांतर करणाऱ्याला कुणी ओळखू नये असं वाटतं, आणि कॉस्प्ले करणारीला लांबूनच ‘तो बघा तांजिरो!’ अशी हाक ऐकायची असते. ‘वेशभूषा’ चालली असती, पण ती कपड्यांपाशीच थांबते. शिवाय वेशभूषा स्पर्धा म्हटलं की आपल्याला शाळेतले टिळक आणि जिजाबाई आठवतात, तेही बरेचदा ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेले. कॉस्प्लेची निम्मी मजा स्वतः घडवण्यात असते.

आता कॉस्प्ले या शब्दाकडे. तो दिसतो इंग्रजी, पण घडला जपानमध्ये. नोबुयुकी ताकाहाशी यांनी तो १९८३ साली ‘माय ॲनिमे’ मासिकातल्या लेखात वापरला. अमेरिकेत अशा कार्यक्रमाला मास्करेड म्हणत. त्याचा जपानी प्रतिशब्द त्यांना जुनाट आणि सरदारी थाटाचा वाटला. म्हणून ‘कॉस्ट्यूम’ आणि ‘प्ले’ यांचे तुकडे जोडून त्यांनी ‘कोसुपुरे’ केला. लांब शब्दांची डोकी कापून जोडायची ही जपानी रीत. पॉकेट मॉन्स्टरचा पोकेमॉन तसाच झाला. आपणही अंधश्रद्धा निर्मूलन समितीची ‘अंनिस’ करतोच की. छंद मात्र या नावाहून जुना. १९३९ साली न्यू यॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले कपडे घालून आले होते. ते शिवले होते मर्टलबाईंनीच.

तेव्हा माझं मत असं : छंदाचं नाव कॉस्प्लेच राहू द्या. ‘पात्रवेशधारण’ असलं काही घडवलं तर ते कुणाच्या तोंडी बसणार नाही. लिंग ‘डिस्प्ले’प्रमाणे पुल्लिंगी : तो कॉस्प्ले, माझा कॉस्प्ले. पण त्या छंदात ती एका वेळी एकाचं जे रूप घेते, ते सोंगच. ‘मी कॉस्प्ले करते, यंदा तांजिरोचं सोंग घेतेय’ हे वाक्य मला अगदी सरळ मराठी वाटतं.

शिवणकामाच्या शब्दांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तिथे आजीकडे खजिना असणार. तांजिरोचा हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा म्हणजे हाओरी : समोरून उघडी, सैल, जवळजवळ सगळे सरळ काप. पहिल्याच वेळी शिवणाऱ्या मुलीने याहून सोपं काही निवडलं नसतं. कापड सुती घ्या. दुकानात ‘विड्थ’ न म्हणता ‘पन्हा किती?’ विचारा, ४४ इंच पन्ह्याचं साधारण ३ मीटर पुरावं. आणल्यावर आधी धुवायचं, म्हणजे जे आटायचं ते आटेल आणि खळ निघून जाईल. खळ राहिली तर रंग धड बसत नाही.

मग बेतणं. माप घेऊन, खडूने आखून कापणं, हे सगळं या एका क्रियापदात येतं. व्हिडिओत ‘मॉकअप’ म्हणतात, त्याला मी नवा शब्द शोधणार नाही. ‘आधी जुन्या चादरीचा कच्चा अंगरखा बेतते’ म्हटलं की आजीला कळेल. आणि ‘सीम अलाउअन्स’ म्हणजे माया. शिवणीच्या पलीकडे राखलेलं कापड, पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून आत ठेवलेलं. माझी आई कापताना दर वेळी विचारायची, ‘माया सोडलीस ना?’ १६ वर्षांच्या मुलीसाठी दोन्ही बाजूंना चांगली इंचभर माया सोडा. तुकडे आधी धावदोऱ्याने, म्हणजे हाताच्या लांब कच्च्या टाक्यांनी, जोडायचे, अंगाला लावून बघायचे, मग मशीनवर टीप मारायची. कडांना दुमड आणि हातशिलाई.

चौकड्या शिवून जोडायच्या म्हटल्या तर नवशिकी मुलगी रडकुंडीला येईल. बेतलेल्या हिरव्या तुकड्यांवर पट्टीने चौकोन आखावेत, कडांना चिकटपट्टी लावावी आणि एकाआड एक चौकोन कापडाच्या काळ्या रंगाने भरावेत. रंग पुरता वाळला की उलट्या बाजूने इस्त्री. या नक्षीला जपानीत ‘इचिमात्सु’ म्हणतात. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु नावाच्या काबुकी नटाने रंगमंचावर अशा चौकड्यांचं वस्त्र घातलं, ते इतकं गाजलं की नक्षीलाच त्याचं नाव पडलं. एका नटाच्या पोशाखातून निघालेली नक्षी इतक्या वर्षांनी तुमच्या घरात पुन्हा एका सोंगासाठीच रंगवली जातेय, याचा मला फार आनंद झाला. हे मुलीला आवर्जून सांगा.

तलवारीला आपल्या नाटकवाल्यांचा शब्द ‘प्रॉपर्टी’. अशा गर्दीच्या ठिकाणी धातूचं पातं घेऊन जाऊ देत नाहीत, म्हणून ती ईव्हीए फोमची. चपलांच्या तळव्यांना असतो त्याच जातीचा. फोमला चिकटवायला चांभाराकडचं पिवळं सोल्युशन लागतं. ते दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं, आणि काम खिडक्या उघड्या ठेवून करायचं. वर आधी प्रायमरचा हात, मग रंगाचे दोन पातळ हात. हा ‘हात’ही सुंदर शब्द आहे, कोट म्हणायची गरजच नाही.

सगळं तयार झालं की एक ‘रंगीत तालीम’ हवीच. संपूर्ण वेश, केस, रंगभूषा, तलवार, सगळ्यासकट. दशावतारातले कलावंत आपला चेहरा आपणच रंगवतात, रात्रभर नाचतात आणि सकाळी वेशाचं सामान उचलून पुढच्या गावाला निघतात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ हे त्यांच्याबद्दलच म्हणतात. कॉस्प्लेतही अर्धी कसरत तो वेश दिवसभर अंगावर वागवण्याचीच असते. दोन तास घरात घालून वावरू दे. मांडी घालून बसावं, जिना चढावा, हात वर करून बघावेत, न्हाणीघरात जाऊन यावं. कुठे ओढतंय, कुठे टोचतंय ते तेव्हाच कळतं. म्हणून काखेखालच्या शिवणी तोवर धावदोऱ्यावरच ठेवा आणि पक्की टीप रंगीत तालमीनंतर मारा.